आकडे मागितले की अपमान का वाटतो?

पीएच.डी.चा प्रबंध सादर करायचा म्हटले की आज तो आधी एका सॉफ्टवेअरच्या चाळणीतून जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य माफ, त्यापुढे पायरीपायरीने शिक्षा. पदवी मिळाली की प्रबंधाची पीडीएफ ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढते आणि कोणालाही वाचता येते. व्यवस्था चांगलीच आहे, फक्त तिच्यात एक गंमत आहे. वाक्य दुसऱ्याचे उचलले आहे का, हे यंत्र पाहते. चौथ्या प्रकरणातला तक्ता ज्या चारशे प्रश्नावल्यांवरून काढला म्हणून लिहिले आहे, त्या प्रश्नावल्या आहेत कुठे, हे मात्र कोणी पाहत नाही. त्या बहुधा विभागातल्या एखाद्या लोखंडी कपाटावर असतात, नाहीतर उमेदवाराच्या जुन्या लॅपटॉपमध्ये. विभागाला रंग द्यायची वेळ आली की कपाटावरचे गठ्ठे रद्दीत जातात आणि लॅपटॉप धाकट्या भावाकडे.

म्हणजे शब्दांची चोरी पकडायला आपण यंत्रणा उभी केली. आकडे चुकले असतील, किंवा मुळात नसतीलच, तर ते कळायला काहीही मार्ग ठेवला नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. ज्या नोंदींवर दावा उभा आहे, त्या दाव्यासोबत, त्याच दिवशी, कोणी न मागता समोर ठेवल्या पाहिजेत. वैयक्तिक माहिती झाकायची असेल तिथे झाकून, पण ठेवल्या पाहिजेत. ‘मागितल्यास देऊ’ हा जो मधला मार्ग जगभरच्या नियतकालिकांनी वर्षानुवर्षे चालवला, तो मार्ग नसून पळवाट आहे.

हे मी चिडून म्हणत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बायोमेड सेंट्रलच्या नियतकालिकांतले १,७९२ शोधनिबंध घेतले होते. या सगळ्यांच्या लेखकांनी ‘डेटा मागितल्यास देऊ’ असे स्वतःच छापलेले होते. पाहणी करणाऱ्यांनी तो खरोखरच मागितला. दिला १२२ जणांनी, म्हणजे शंभरात सात. उरलेले सगळे लबाड होते असे अजिबात नाही. हार्ड डिस्क मरते, ज्याने मोजमापे घेतली तो पोस्टडॉक दुसऱ्या देशात निघून जातो, विद्यापीठाचा ईमेल पत्ता बंद पडतो. वनस्पती आणि प्राण्यांवरच्या ५१६ अभ्यासांचा माग काढणाऱ्या २०१४ च्या एका निबंधात असे दिसले होते की निबंध जुना होतो तशी त्यामागचा डेटा हाती लागण्याची शक्यता वर्षाला सुमारे १७ टक्क्यांनी घटत जाते. माणसाच्या हेतूपेक्षा इथे विस्मरणाचा आणि पसाऱ्याचा वाटा मोठा आहे.

पण आपल्याकडे त्याला आणखी एक गोष्ट चिकटलेली आहे, आणि तिच्याबद्दल बोलायचे आपण टाळतो. समजा, एखाद्या संशोधक विद्यार्थिनीने नावाजलेल्या प्राध्यापकांना लिहिले, “सर, तुमच्या अमुक पेपरची मूळ फाइल मिळेल का? मला गणित पुन्हा करून बघायचे आहे.” सरांच्या मनात पहिला विचार कोणता येईल? ‘हिला कोणी पाठवले?’ दुसरा, ‘हिचा गाईड कोण?’ आणि त्या विद्यार्थिनीलाही हे पक्के ठाऊक असते. उद्या हेच सर तिच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून येऊ शकतात, परवा निवड समितीत बसू शकतात. ज्याच्या हातात आपल्या मुलाखतीचे गुण आहेत त्याच्याकडे हिशेब मागायचा नसतो. म्हणून ती मागत नाही. तिच्यासारख्या कोणीच मागत नाहीत, आणि बाबा वाक्यं प्रमाणम् चालू राहते.

दोष इथे सरांच्या स्वभावाचा नाही, तिच्या भित्रेपणाचाही नाही. मागितल्यावरच मिळायचे असेल, तर मागणे म्हणजे संशय घेणे, हा अर्थ आपोआप येतो. किराणा दुकानात वजनकाट्याचा आकडा गिऱ्हाइकाच्या बाजूनेही दिसतो; तिकडे बघितले म्हणून दुकानदार रागावत नाही. बघणे हा व्यवहाराचाच भाग आहे, हे आधीच ठरलेले असते. संशोधनातही नोंदी आधीपासून उघड्या असतील तर तपासणाऱ्याला कोणाच्या दारात जावे लागत नाही, आणि ज्याचे काम तपासले जाते त्यालाही आपल्यावर कोणी डूख धरला आहे असे वाटायचे कारण उरत नाही.

तपासणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चोर-पोलीस येतात. प्रत्यक्षात जगात गाजलेली एक तपासणी वर्गातला गृहपाठ होती. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन मातब्बर अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडले होते की देशाचे सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले की आर्थिक वाढ ढासळते. युरोपात तेव्हा सरकारी खर्च कापण्याचे वारे होते. ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑसबर्न यांच्यासारख्यांना हा निबंध आयताच मिळाला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गात काम मिळाले होते: एखादा प्रसिद्ध निबंध घ्या आणि त्यातले आकडे पुन्हा काढून दाखवा. त्याने हाच घेतला. आकडे काही केल्या जुळेनात. शेवटी त्याने लेखकांना लिहिले आणि, हे त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवे, त्यांनी आपली एक्सेल फाइल पाठवून दिली.

फाइलमध्ये सरासरीचे सूत्र काही ओळी आधीच थांबलेले होते. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क, म्हणजे वर्णानुक्रमे पहिले पाच देश, हिशेबातच आले नव्हते. त्याहून मोठा फरक दुसऱ्या दोन गोष्टींनी पडला होता. काही देशांची काही वर्षे वगळली होती, आणि भारमान असे धरले होते की न्यूझीलंडच्या एका वाईट वर्षाला ब्रिटनच्या एकोणीस वर्षांइतके वजन मिळाले. हर्नडन आणि त्याचे प्राध्यापक मायकल अ‍ॅश व रॉबर्ट पॉलिन यांनी एप्रिल २०१३ मध्ये दाखवले की कर्ज ९० टक्क्यांवर असताना सरासरी वाढ उणे ०.१ टक्के नसून २.२ टक्के येते. मूळ लेखकांनी एक्सेलमधली चूक कबूल केली, निष्कर्षाचा गाभा मात्र सोडला नाही. तो वाद अर्थशास्त्रज्ञ घालत राहोत. माझ्या दृष्टीने मुद्दा मधल्या तीन वर्षांचा आहे. फाइल निबंधासोबतच ठेवलेली असती तर ही चूक २०१० मध्येच एखाद्या दुसऱ्या विद्यार्थ्याला दिसली असती. त्या तीन वर्षांत किती देशांच्या अंदाजपत्रकांवर त्या एका सरासरीची सावली पडली, हे आता मोजता येणार नाही.

आपल्याकडचे उदाहरण वेगळ्या वळणाचे आहे. जुलै २०१८ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील दोन संशोधकांनी एक प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांच्या तपासणीआधीचा निबंध, प्रसिद्ध केला. सोने-चांदीच्या अतिसूक्ष्म कणांच्या रचनेत, साध्या दाबाला आणि २३६ केल्विन म्हणजे उणे ३७ अंश सेल्सिअसला अतिवाहकता, म्हणजे वीज कसल्याही विरोधाविना वाहणे, दिसली, असा दावा होता. खरा ठरला असता तर नोबेलच्या तोडीचा. काही दिवसांतच एमआयटीतील ब्रायन स्किनर यांनी एक विचित्र गोष्ट दाखवली. आलेखावरचे हिरवे ठिपके आणि निळे ठिपके वेगवेगळ्या मोजमापांचे होते, तरी त्यांतला गोंगाट, म्हणजे ज्याला काही नियमच नसावा असा थरथराट, दोन्हींत जसाच्या तसा उमटला होता. त्यानंतरचे काही आठवडे आठवा. मूळ नोंदी सर्वांसाठी खुल्या नव्हत्या, त्यामुळे शास्त्रज्ञ पीडीएफमधले चित्र मोठे करून ठिपके मोजत बसले. या पुनरावृत्तीमागे एखादे भौतिक कारण असू शकेल, अशी शक्यताही मांडली गेली. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतील भौतिकशास्त्रज्ञ प्रताप रायचौधुरी फेसबुकवर लिहीत होते. एका ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने खोट्या पत्त्यावरून ईमेल आल्याचेही त्यांनी जाहीर केले. पुढल्या वर्षी जास्त माहितीसह सुधारित आवृत्ती आली, पण बाहेरच्या प्रयोगशाळांत तो परिणाम पुन्हा मिळाल्याचे काही आले नाही. त्या दोघांच्या प्रामाणिकपणावर मी इथे निकाल देत नाही, तसा कोणाला देताही येणार नाही, आणि नेमके तेच दुखणे आहे. नोंदी पुढ्यात नसल्या की चर्चा माणसांभोवती फिरू लागते. कोण कोणाचा विद्यार्थी, कोणी कोणाला काय लिहिले, संस्थेचे नाव, देशाची अब्रू.

पाच वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, दक्षिण कोरियातून एलके-९९ नावाचा पदार्थ आला. दावा याहून मोठा होता. खोलीच्या तापमानाच्याही वर अतिवाहकता. लेखकांचे आपसात भांडण होते, निबंध घाईत लिहिलेले दिसत होते. पण त्यांत कृती दिलेली होती: शिशाची संयुगे, तांबे, फॉस्फरस, भट्टीचे तापमान, तास. ती वाचून चीनपासून अमेरिकेपर्यंत लोकांनी भट्ट्या पेटवल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनेही पदार्थ बनवला आणि त्यात अतिवाहकता दिसत नाही असे कळवले. ऑगस्टच्या मध्यापर्यंत कोडे सुटत आले होते: विजेला होणारा विरोध एकदम घसरल्यासारखा दिसतो तो त्यात राहून गेलेल्या तांब्याच्या सल्फाइडमुळे. चार आठवड्यांत प्रकरण मिटले आणि कोणाला कोणाच्या चारित्र्याबद्दल फार बोलावे लागले नाही. दावा पडला, पण विज्ञान नीट चालले.

उघडेपणा फक्त खोटे पाडायला उपयोगी पडतो असे मात्र नाही. गुरुत्वीय लहरी सापडल्याची घोषणा अमेरिकेतल्या लायगो या जोड-वेधशाळेने ११ फेब्रुवारी २०१६ रोजी केली, तेव्हा त्या क्षणाच्या आसपासच्या नोंदी त्याच दिवशी सर्वांसाठी ठेवल्या होत्या. पुढच्या वर्षी कोपनहेगनच्या नील्स बोर इन्स्टिट्यूटमधल्या एका गटाने त्याच नोंदी वापरून आक्षेप घेतला की दोन्ही वेधशाळांच्या गोंगाटात परस्परसंबंध दिसतो आहे, मग ही लहर खरी कशावरून? आक्षेप गंभीर होता. उत्तरादाखल लायगोच्या शास्त्रज्ञांनी संगणकाचे कोडच समोर ठेवले, आणि लायगोबाहेरच्या गटांनीही स्वतंत्रपणे गणिते करून पाहिली. लहर टिकली. वर प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीतल्या एका गटाने त्या खुल्या नोंदींतून लायगोच्या नजरेतून सुटलेल्या कृष्णविवरांच्या टकरीही शोधल्या. या विषयाशी आपला संबंध जुना आहे. गोंगाटातून असा क्षीण संदेश वेचायच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर यांनी लायगो उभी राहण्याच्या कितीतरी आधी काम केले होते. आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होणार आहे. या प्रकल्पाला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या जाळ्यात शिरताना नोंदी उघड करायची ही शिस्तही आपोआप येईल. प्रश्न औंढ्यापासून तासा-दोन तासांवरच्या विद्यापीठांत ती पोचेल का, हा आहे.

‘ही पाश्चात्त्यांची खुळे’ असे कोणी म्हणेल, म्हणून पुण्यातच थांबतो. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये पुरे केले. १,२५९ हस्तलिखिते पाहिली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी घालून दिलेली त्या आवृत्तीच्या पानाची मांडणी एकदा लक्षपूर्वक बघावी. वर संपादकांनी ग्राह्य धरलेली संहिता, खाली बारीक टाइपात, कोणत्या हस्तलिखितात काय वेगळे आहे ते सगळे. जिथे पाठाची पुरेशी खात्री नाही तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ. गणपतीने व्यासांचा लेखनिक व्हायची लाडकी कथा मुख्य संहितेतून काढली, पण टाकून दिली नाही, परिशिष्टात छापली. तुम्हाला संपादकांचा निर्णय पटत नाही? खालचे पाठ घ्या आणि आपली संहिता बांधा. संपादक स्वतःच्या विरोधातला पुरावा वाचकाच्या हातात ठेवतो. इतिहासकार वि. का. राजवाडेही १८९८ पासून आधी ‘साधने’, म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाची मूळ पत्रे, छापत सुटले, बावीस खंड. त्यांच्या प्रस्तावनांतली कित्येक मते आज कोणी मानत नाही, पण ती पत्रे अजून वापरात आहेत. इतिहासात आणि प्राच्यविद्येत जे शंभर वर्षांपूर्वी पुण्यात होत होते, ते आज अर्थशास्त्र, मानसशास्त्र, कृषी, व्यवस्थापन या विषयांच्या प्रबंधांत होत नसेल, तर त्याला परंपरेचा अडसर म्हणता येणार नाही.

आता आक्षेप. त्यांतले दोन मला खरोखर वजनदार वाटतात.

पहिला खासगीपणाचा. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारलेला निबंध १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते. अशा अभ्यासाच्या कच्च्या नोंदी, नाव काढून का होईना, वय, जात, मुलांची संख्या आणि गावासकट उघड्यावर ठेवल्या तर काय होईल? लहान गावात ‘बेचाळीस वर्षांची, चार मुली, विधवा’ एवढ्यावर बाई ओळखू येते. तिने डॉक्टरांना विश्वासाने सांगितलेले उद्या पारावर चघळले जाईल. इथे सरसकट ‘उघडा’ म्हणणाऱ्याला गाव ठाऊक नाही. पण याचाही तोडगा निघालेला आहे, आणि मुंबईच्या एका संस्थेला तो चांगला माहीत आहे. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते. त्यात बाळंतपणापासून घरातल्या मारहाणीपर्यंत सगळे विचारलेले असते, तरी त्याच्या कुटुंबनिहाय नोंदी नोंदणी करून आणि अभ्यासाचे कारण सांगून अभ्यासकाला मिळत आल्या आहेत. ज्या जागतिक कार्यक्रमाचा हे सर्वेक्षण भाग आहे, त्यात नमुन्यातल्या जागा नकाशावर मुद्दाम हलवून दाखवतात. शहरात दोन किलोमीटरपर्यंत, खेड्यात साधारण पाचपर्यंत. म्हणजे बाई झाकलेली राहते आणि संशोधकाचे गणित तपासता येते. खासगीपणाचे कारण सांगून जे काहीच देत नाहीत, त्यांनी हे करून मग बोलावे.

दुसरा आक्षेप कष्टाचा. उन्हातान्हात फिरून नोंदी घ्यायच्या आम्ही, आणि वातानुकूलित खोलीत बसून त्यावर निबंध लिहायचे कोणी दुसऱ्यानेच. ही तक्रार खोटी नाही. २००७ मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला देणे थांबवले होते. आमच्या रुग्णांच्या नमुन्यांवरून श्रीमंत देशांतल्या कंपन्या लस बनवणार आणि ती आम्हालाच परवडणार नाही, हे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य होते म्हणूनच २०११ मध्ये नमुने आणि त्यांचे फायदे दोन्ही वाटून घेण्याची आंतरराष्ट्रीय चौकट करावी लागली. नोंदी घेणाऱ्याला पहिला हक्क हवाच. नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटी दुर्बिणीने तो दिलेला आहे. ज्याने वेळ मागून निरीक्षण केले त्याच्याकडे नोंदी अठरा महिने राहतात, मग त्या सर्वांच्या होतात. मात्र हा हक्क निबंध छापण्याआधीचा असावा. दावा जाहीर केला की त्या दाव्यापुरत्या नोंदी तरी त्याच दिवशी मोकळ्या व्हायला हव्यात. कीर्ती आज घेतली तर हिशेब दीड वर्षाने कसा चालेल?

‘ठेवायला जागा नाही, पैसा नाही’ या सबबीवर फार शब्द घालवत नाही. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांत परदेशी प्रकाशकांची नियतकालिके आपल्या विद्यार्थ्यांना वाचता यावीत म्हणून केंद्राने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत ६,००० कोटी रुपये ठेवले आहेत. दुसऱ्यांचे वाचायला एवढे देणाऱ्या देशाला आपले जपायला थोडे देता येईल. फरीदाबादला जैविक नोंदींसाठी राष्ट्रीय केंद्र उभेही आहे. युरोपातली सर्न ही प्रयोगशाळा चालवते ते नोंदी ठेवायचे संकेतस्थळ, झेनोडो, तर फुकट आहे. जागा आपली असावी एवढे मात्र खरे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या नोंदी अमेरिकी पैशावर चालणाऱ्या संकेतस्थळावरून मिळत असत. २०२५ च्या सुरुवातीला तो पैसा थांबला आणि नव्या अभ्यासकांना काही काळ दार बंद झाले. नोंदी आपल्या बायाबापड्यांनी सांगितलेल्या, आणि किल्ली वॉशिंग्टनला.

सरकारकडून अपेक्षा ठेवताना एप्रिल २०२१ विसरू नये. दुसऱ्या लाटेत, जिच्यामागच्या विषाणूचे रूप आधी महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दिसले होते, शेकडो शास्त्रज्ञांना पंतप्रधानांकडे जाहीर मागणी करावी लागली की आयसीएमआरकडे साचलेली चाचण्यांची तपशीलवार माहिती आम्हाला अभ्यासाला द्या. ज्यांना साथीचे गणित मांडता येते, त्यांना आकडे अर्ज करून मागावे लागत होते.

म्हणून वरून आदेश येण्याची वाट न बघता खालून सुरुवात करता येईल. शोधगंगेवर प्रबंध चढवताना पीडीएफशेजारी आणखी एक फाइल सक्तीची करावी, ज्या तक्त्यांवर निष्कर्ष उभे आहेत त्यांच्या मूळ नोंदींची. ओळख पटेल असे रकाने काढलेले, आणि प्रत्येक रकाना म्हणजे काय याचे अर्धे पान सोबत. एवढे झाले तर एम.ए., एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्प शोधत फिरावे लागणार नाही. प्रत्येकाने आपल्याच विद्यापीठातला एक जुना प्रबंध घ्यावा, त्यातला एक तक्ता पुन्हा काढावा आणि जुळला की नाही ते दोन पानांत लिहावे. गुण पद्धतीला द्यावेत. तक्ता जुळला काय किंवा नाही काय, गुण तेच. ती दोन पाने मूळ प्रबंधाशेजारीच ठेवावीत, आणि नाही जुळला तर मूळ संशोधकाला उत्तर द्यायला महिनाभराची मुदत द्यावी. उत्तर आले की तेही तिथेच लावावे. पहिल्या वर्षी विभागांत थोडी कुरबुर होईल. प्रकल्पाच्या यादीत कोणाचा प्रबंध पहिला घालायचा यावर तर नक्कीच. विभागप्रमुखांनी स्वतःचा घालावा.